.३२ पिस्तूल आणि लाल ठिपका : पांढरकवड्याच्या एका जिनिंग मालकाचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर (पांढरकवडा) तालुक्यातले एक जिनिंग मालक, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्याचे मालक. वय पंचावन्नच्या आसपास, डोळ्यांवर प्रोग्रेसिव्ह चष्मा. वडिलांच्या पश्चात वारस म्हणून परवान्यावर चढलेले आयुध निर्माणीचे .३२ पिस्तूल त्यांच्याकडे आहे. परवान्यावर वर्षाला २५ काडतुसे आणि क्षेत्र ‘महाराष्ट्र’. दिवाळीनंतर कापसाचा वेचा सुरू झाला की मार्चपर्यंत खेडा खरेदी चालते. शेतकऱ्याला चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, रोख हवा असतो, त्यामुळे बँकेतून काढलेली रक्कम घेऊन बोलेरोने गावोगाव फिरायचे आणि अंधार पडता पडता उरलेली परत आणायची, हा हंगामातला रोजचा क्रम.

भाच्याने मोबाइलवर अमेरिकी व्हिडिओ दाखवले. तळहाताएवढे पिस्तूल, वर छोटीशी काच, काचेत लाल ठिपका. “मामाजी, ठिपका दिसला की दाबायचं. चष्म्याची झंझटच नाही.” ऑनलाइन मिळणारा आठ हजारांचा रेड डॉट घ्यायचा, आणि नागपूरकडच्या एका वर्कशॉपमध्ये व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या कोरणाऱ्या मशीनवर स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) खाचून तो बसवायचा, असा त्याचा बेत होता. हे करावे का, आणि नसेल करायचे तर त्याऐवजी काय, एवढाच प्रश्न समोर होता.

या पिस्तुलावर ठिपका बसवू नये, हा निष्कर्ष फार लवकर निघाला. तरी मामांच्या डोळ्यांची तक्रार खरी होती आणि ठिपक्याचा फायदाही खरा आहे, म्हणून तपासणी तिथे थांबवली नाही.

व्हिडिओतले आणि कमरेचे

व्हिडिओतली पिस्तुले सिग पी३६५एक्स किंवा ग्लॉक ४३एक्स एमओएस या जातीची. रिकामी असताना अर्धा किलोच्या आसपास, पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास जाड, मॅगझीनमध्ये दहा किंवा जास्त राउंड (काडतुसे), आणि स्लाइडच्या माथ्यावर कारखान्यातच पाडलेली खाच. पण ती ९ मिमीची आहेत. ९ मिमी हा आपल्याकडे प्रतिबंधित बोर (नळीचा व्यास) आहे. जिल्हाधिकारी देतात त्या सामान्य परवान्यावर ती येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या गुणदोषांची चर्चा या प्रकरणात व्यर्थ आहे.

कमरेला आहे ते .३२ एसीपी. जॉन ब्राउनिंगने १८९९ मध्ये आणलेले काडतूस. गोळी ७१ ग्रेन म्हणजे साधारण ४.६ ग्रॅम, वेग सेकंदाला २७० मीटरच्या आसपास, ऊर्जा १७० जूलच्या घरात. ९ मिमीची ऊर्जा याच्या अडीचपट ते तिप्पट असते. शेताच्या धुऱ्यावर रानडुक्कर अंगावर आले तर हे पिस्तूल कामाचे नाही, हे मामांना सुरुवातीलाच सांगावे लागले. परिसरात पिस्तूल बाळगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात कुठेतरी डुक्कर किंवा वाघ असतोच.

ठिपक्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती या पिस्तुलाची रचना. .३२ची जवळजवळ सगळी पिस्तुले ब्लोबॅक पद्धतीची असतात. ९ मिमीच्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून राहतात. ब्लोबॅकमध्ये तसे कुलूप नसते. गोळी नळीतून बाहेर पडून दाब उतरेपर्यंत पुंगळीला (काडतुसाच्या पितळी कवचाला) मागून धरून ठेवण्याचे काम स्लाइडचे वजन आणि रिकॉइल स्प्रिंग हे दोघेच करतात. स्लाइडचे वजन हा इथे यंत्राचाच भाग आहे. छोटा रेड डॉट १८ ते २० ग्रॅमचा असतो, मध्यम ३५ ग्रॅमच्या आसपास, बंद खोक्यातला ६० ग्रॅमपर्यंत. अशक्त काडतुसावर चालणाऱ्या स्लाइडवर एवढे वजन चढले की ती मागे पुरती येत नाही, पुंगळी दारातच उभी अडकते किंवा पुढचा राउंड उचललाच जात नाही. उलट खाच पाडताना धातू जास्त निघाला तर स्लाइड हलकी होऊन जोरात मागे आदळते, आणि काही काळाने फ्रेमला तडा जातो. स्प्रिंग बदलून हे जुळवता येते, पण त्यासाठी वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा आणि शेकडो राउंड लागतात. आपल्याकडे दोन्ही नाहीत.

माथ्यावर जागाही नाही. फोरसाइट (नळीच्या टोकाची नेमखूण) आणि बॅकसाइट (मागची, फटीची) इवल्याशा, स्लाइडचा माथा गोल आणि अरुंद, आतून फायरिंग पिनची (काडतुसाच्या बुडावर आपटणाऱ्या सुईची) वाट गेलेली. एम३चा स्क्रू धरायला निदान तीन-चार पूर्ण आटे हवेत. आट्याचे अंतर अर्धा मिलिमीटर धरले तरी दोन मिलिमीटर भरीव पोलाद स्क्रूखाली पाहिजे, आणि तेही खाच पाडल्यानंतर उरलेले. व्हर्नियर लावून मापल्यावर ते तिथे उरत नव्हते.

वर्कशॉपवाला आणि कलम ५

भाच्याला हा मुद्दा सर्वांत क्षुल्लक वाटला होता. प्रत्यक्षात हाच सर्वांत जड.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणे, विकणे, बदलणे, दुरुस्त करणे, तपासणे यासाठी वेगळा परवाना लागतो. वर्कशॉपवाल्याकडे तो नसतो. त्याने स्लाइड हातात घेऊन मशीनवर चढवली की त्याचा गुन्हा झाला, आणि शस्त्र त्याच्याकडे सोपवणारा परवानाधारकही त्यात ओढला जातो. कलम ५ मोडल्याची शिक्षा कलम २५ मध्ये आहे आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर ती किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत पोचली आहे. “फक्त दोन मिलिमीटर खाचायचंय” हे पोलीस ठाण्यात चालत नाही. काम करवून घ्यायचेच असेल तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या आर्म्स डीलरकडूनच, पावतीसह आणि परवान्यावरचा क्रमांक तपासून.

डोळा

मामांची तक्रार अशी: नेम धरताना फोरसाइट धुरकट दिसते, आणि ती स्पष्ट दिसावी म्हणून मान वर केली की समोरचा कागद धुरकट होतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्याचे हे ठरलेले दुखणे. लोखंडी साइटवर डोळ्याला तीन अंतरांचे काम एकदम करावे लागते: बॅकसाइट, फोरसाइट आणि लक्ष्य. चाळिशीनंतर भिंग कडक होते आणि हाताच्या अंतरावरची फोरसाइट आधी सुटते. रेड डॉटमध्ये ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर तरंगल्यासारखा दिसतो, नजर लक्ष्यावर ठेवायची आणि ठिपका आपोआप स्पष्ट. स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ मध्ये पहिला इलेक्ट्रॉनिक रेड डॉट आणला तेव्हापासूनचा हा गुण आहे. वयस्क नेमबाजासाठी याहून चांगला उपाय अजून निघालेला नाही, हे मान्यच केले पाहिजे.

पण ठिपका प्रत्येक डोळ्याला ठिपका दिसत नाही. डोळ्यात सिलिंडर नंबर असेल तर तो धूमकेतूसारखा, तारकेसारखा किंवा दोन थेंब चिकटल्यासारखा दिसतो. पाहण्याची रीत सोपी आहे. रेड डॉट सुटा हातात धरून पाच-सहा मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाहायचा. मग मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढायचा. फोटोत ठिपका गोल आणि डोळ्याला फाटका दिसला तर दोष डोळ्याचा. साइट हातात हळूहळू फिरवली आणि शेपटी आहे त्याच दिशेला राहिली, तरी अर्थ तोच. प्रकाश एक-दोन पायऱ्या कमी केला की शेपटी आखडते. चष्म्यात सिलिंडर नंबर नीट घातलेला असेल तर बहुतेक जाते. मामांच्या उजव्या डोळ्याला सौम्य सिलिंडर निघाला, चष्म्यातून ठिपका जवळजवळ गोल दिसला. पण चष्मा काढला की शेपटी परत. ‘चष्म्याची झंझट नाही’ हे भाच्याचे वाक्य तिथेच निकालात निघाले.

ठिपक्याचा आकार एमओएमध्ये (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) मोजतात. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर, १० मीटरवर जेमतेम ३ मिलिमीटर. ३ एमओएचा ठिपका १० मीटरवर ९ मिलिमीटर झाकतो, ६ एमओएचा पावणेदोन सेंटिमीटर. कमरेवरच्या पिस्तुलासाठी ६चा बरा, कारण तो डोळ्याला लवकर सापडतो. या अंतरावर बारीक ठिपक्याची अचूकता वाया जाते.

चाचणी एअर पिस्तुलावर

.१७७ म्हणजे ४.५ मिमीच्या, २० जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. अशा पिस्तुलाच्या माथ्यावर ११ मिमीची डव्हटेल (साइट बसवायची पट्टी) असेल तर छोटा रेड डॉट मुळीच काही न खाचता बसतो. ठिपका आपल्या हाताला जमतो का, हे मूळ शस्त्राला हात न लावता आणि काडतूस न खर्चता पाहण्याची ही वाट आहे, आणि तिचा वापर होतो त्यापेक्षा खूप जास्त व्हायला हवा.

बसवताना जे चुकते ते इथेही दिसते. स्क्रूच्या आट्यांना तेल लागलेले असते. ते स्पिरिटने पुसून, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या डिंकाचा) एकच थेंब टाकून, साधारण दीड न्यूटन-मीटरला आवळायचे. मोजणारा स्क्रूड्रायव्हर नसेल तर ‘हाताने घट्ट’ म्हणून जे होते ते बहुतेक वेळा जास्तच होते आणि ॲल्युमिनियमचे आटे मरतात. लाल थ्रेडलॉकर वापरला तर पुढे स्क्रू काढताना डोके घासून जाते. आवळून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून खोक्यापर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायची. रेघ तुटली की स्क्रू हलला. रात्रभर वाळू द्यायचे आणि मगच नेम जुळवायचा.

नेम १० मीटरवर जुळवला. ठिपका नळीच्या वर दोन-अडीच सेंटिमीटर असतो, त्यामुळे तीन मीटरवर गोळी ठिपक्याच्या दीड-एक सेंटिमीटर खाली लागते. एवढ्या अंतरावर ते सोडून द्यावे.

खरा प्रश्न ठिपका सापडण्याचा होता. पिस्तूल डोळ्यासमोर आणले की काचेत ठिपका नसतोच. मनगट थोडे वर, थोडे खाली, डावीकडे, आणि मग तो तरंगत येतो. लोखंडी साइट थोडी वाकडी असली तरी दिसते आणि किती वाकडी तेही कळते. ठिपका एक तर असतो नाही तर नसतो. मामांचा हात वीस वर्षे बॅकसाइटची फट शोधत आलेला. त्यांना एअर पिस्तुलावर ठिपका पकडायला दर वेळी लोखंडी साइटपेक्षा स्पष्टपणे जास्त वेळ लागत होता. घाईत ते नळीचे तोंड वर धरत, म्हणजे ठिपका काचेच्या वरच्या कडेबाहेर. सरावाने हे जाते. पण तो सराव शेकडो वेळा हात उचलण्याचा असतो, आणि हंगाम संपल्यावर सात-आठ महिने थांबला की पुन्हा पहिल्यापासून.

रुई, धूळ, ऊन

उघड्या रेड डॉटमध्ये एलईडी मागे खोबणीत असतो आणि तो पुढच्या काचेवर प्रकाश फेकतो. मधली जागा मोकळी. या खोबणीत एक तंतू पडला की ठिपका अर्धा होतो, फुटतो किंवा गायब होतो. जिनिंगमध्ये हवेत रुईचे तंतू कायम तरंगत असतात. ते घामट कपड्यावर, तेलकट पोलादावर आणि घासलेल्या काचेवर चिकटतात. शेडमध्ये उघडा रेड डॉट दोन तास ठेवून पाहिला तेव्हा काचेवर पांढरी लव आणि खोबणीत बारीक गुंता दिसला. फुंकर मारली तर तोंडाची वाफ बसते. ब्रशनेच काढावे लागते. कमरेला शर्टाखाली ठेवल्यावर तंतूंत घाम आणि अंगाची मळी मिसळते, मग ब्रशही पुरत नाही.

बंद खोक्यातला रेड डॉट, २०१९ मध्ये आलेल्या एमपॉइंट ॲक्रोसारखा, हा त्रास मिटवतो. त्यात दोन्ही बाजूंना काच असते आणि एलईडी आत सुरक्षित. रुईच्या शेडसाठी याखेरीज दुसरा प्रकार विचारातही घेऊ नये. पण तो जड असतो, म्हणजे पुन्हा ब्लोबॅकच्या स्लाइडपाशी येऊन अडलो.

आपोआप प्रकाश कमीजास्त करणारा सेन्सर इथे उलटा पडतो. माणूस शेडच्या अंधारात उभा, समोरचा दारात दुपारच्या उन्हात. सेन्सर अंधार वाचून ठिपका मंद करतो आणि पांढऱ्या उन्हावर तो दिसतच नाही. हाताने प्रकाश ठरवण्याची सोय असलेलाच घ्यावा आणि उन्हात दिसेल इतका ठेवावा.

बॅटरीचेही तसेच. सीआर२०३२ किंवा सीआर१६३२ या नाणेबॅटऱ्या साधारण ६० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असतात. एप्रिल-मेमध्ये विदर्भात बाहेर ४५ अंश असताना उन्हात बंद उभ्या बोलेरोचा डॅशबोर्ड ६०च्या सहज पुढे जातो. पिस्तूल गाडीत ठेवणे मुळातच चूक. पण ठेवले तर ऐन वेळी ठिपका मंद असेल, हे धरूनच चालावे.

आठ हजारांचा ऑनलाइन माल एअरसॉफ्टच्या खेळण्यांसाठी असतो. स्लाइडच्या प्रत्येक फेरीला त्यातला बॅटरीचा संपर्क सुटतो, ठिपका लुकलुकतो, आणि नेमाचे स्क्रू आपणहून सरकतात. एअर पिस्तुलावर सरावाला तो चालतो.

गादीवर, गाडीत, काट्यावर

सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, अंगाशी बांधलेले, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असले पाहिजे, अशी शस्त्र नियम २०१६ ची अपेक्षा आहे. पट्ट्यात खोचलेले, बंडीच्या खिशात टाकलेले, सीटखाली सरकवलेले यातले काहीच त्यात बसत नाही. झाकणे ही इथे अटच आहे, हौस नव्हे.

झाकण्याच्या बाबतीत ठिपक्यावर होणारा नेहमीचा आरोप मात्र खोटा निघाला. ठिपक्यामुळे पिस्तूल उठून दिसते असे म्हणतात. प्रत्यक्षात कपड्यातून उठून दिसते ती मुठीची खालची कड, कारण ती कमरेपासून बाहेर निघते. ठिपका कमरपट्ट्याच्या वर शरीराच्या जवळच राहतो. त्रास वेगळा. मामा गादीवर मांडी घालून बसतात. उजव्या कमरेच्या मागल्या बाजूला, घड्याळात चार वाजतात त्या जागी पिस्तूल ठेवले तर मांडी घालून बसल्यावर रेड डॉटची कड बरगडीखाली टोचते. पुढे, पोटाशी ठेवले तर वजनकाट्यावर वाकताना टोचते. बोलेरोत सीटबेल्टचा हूक उजव्या हाताच्या वाटेत येतो. खाली कुर्ता असेल तर तो रेड डॉटच्या खाचेत अडकून पिस्तुलाबरोबर वर येतो. हे सगळे पिस्तूल रिकामे ठेवून, घरातच, रोजच्याच कपड्यांत पाहायचे. पाहुण्यांकडे जायच्या शर्ट-पँटमध्ये सगळेच पिस्तूल बसते.

होल्स्टरच्या बाबतीत चामड्याऐवजी कायडेक्ससारखे ताठ प्लास्टिक घेतले. विदर्भाच्या उन्हाळ्यात घामातले मीठ चामड्यात मुरते, निळ्या पॉलिशच्या स्लाइडवर आठवड्यात तांबेरा धरतो. ट्रिगरगार्ड पूर्ण झाकणारे, आणि पिस्तूल काढल्यावर तोंड न मिटणारे होल्स्टर हवे. पट्टा दीड इंची, दुहेरी. मऊ पट्ट्यावर कुठलेही होल्स्टर लोंबते आणि माणूस दिवसभर ते वर खेचत राहतो, म्हणजे पाहणाऱ्याला सगळे कळते. रोज रात्री स्लाइड कोरड्या कापडाने पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. जास्त तेल म्हणजे जास्त रुई.

जुन्या रचनेच्या पिस्तुलात फायरिंग पिन अडवणारा ब्लॉक असतोच असे नाही. तो नसेल तर चेंबर (नळीमागचा काडतुसाचा कप्पा) भरलेले पिस्तूल खाली पडून सुटू शकते. शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून याची खात्री होईपर्यंत चेंबर रिकामे, असा निर्णय झाला.

पंचवीस काडतुसे

कमरेवर वाहायची पिस्तूल-साइटची जोडी विश्वासाची ठरवण्याआधी निदान दोनशे राउंड विनाअडथळा गेले पाहिजेत, हा अमेरिकेत सर्रास वापरला जाणारा ढोबळ दंडक. या परवान्यावर त्याला आठ वर्षे लागतील, आणि तोवर खिशात भरायला एकही काडतूस उरणार नाही. नुसता नेम जुळवण्यातच दहा-पंधरा राउंड जातात. ठिपक्याविरुद्ध हा सर्वांत कोरडा आणि सर्वांत पक्का युक्तिवाद. कोटा वाढवून मागता येतो. परवाना देणाऱ्या कार्यालयात सरावाचे कारण आणि रेंजचे पत्र जोडून अर्ज करायचा. तो मिळेपर्यंत उपलब्ध राउंड पिस्तूल तपासण्यात गेले पाहिजेत, नवा भाग जुळवण्यात नव्हे.

तपासण्यासारखे बरेच होते. .३२ एसीपीची पुंगळी अर्धकडेची, म्हणजे बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते. मॅगझीनमध्ये वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचा राउंड पुढे सरकतच नाही. अशा वेळी मॅगझीनला खालून थाप मारून स्लाइड ओढण्याचा नेहमीचा उपाय चालत नाही. मॅगझीन काढून वरचे राउंड हाताने उपसावे लागतात. आखूड, पोकळ टोकाच्या गोळीत हे जास्त होते, कारण मॅगझीनमध्ये पुढे-मागे हलायला जागा उरते. गोल टोकाच्या, पूर्ण लांबीच्या देशी गोळीत कमी होते. भरताना प्रत्येक राउंड मागच्या भिंतीला टेकवत, त्याची कड खालच्याच्या कडेपुढे राहील असा भरायचा. मामांच्या दोन मॅगझीनांपैकी एकाची स्प्रिंग वर्षानुवर्षे पूर्ण भरून ठेवल्याने बसली होती. शेवटचे दोन राउंड वर यायला उशीर करत होते. ती बदलली. वडिलांच्या काळातली, पितळेवर हिरवट डाग धरलेली काडतुसे डीलरकडे जमा करून नवी घेतली.

कोरडा सराव फुकट असतो. डमी राउंड घालून, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, जाड भिंतीकडे तोंड करून. डमीशिवाय वारंवार ट्रिगर ओढला तर जुन्या .३२ची फायरिंग पिन मोडू शकते.

ठिपक्याऐवजी

फोरसाइटच्या मागच्या बाजूला आधी पांढऱ्या रंगाचा हात आणि त्यावर झगझगीत नारिंगी नेलपॉलिश लावले. पांढऱ्या तळाशिवाय नारिंगी उजळत नाही. बॅकसाइट काळीच ठेवली. दोन्ही रंगवल्या की डोळा गोंधळतो. चष्मेवाल्याकडून उजव्या डोळ्यासाठी दूरच्या नंबरात अर्धा डायॉप्टर मिळवलेला, एकाच नंबराचा, सिलिंडरसह चष्मा करून घेतला. त्यात लक्ष्य किंचित मऊ आणि फोरसाइट बऱ्यापैकी कडक दिसते. गाडी चालवताना हा घालू नये. सात मीटरवर, जिथे या प्रकारचा प्रसंग घडला तर घडेल, मामांच्या कागदावरच्या पसरलेल्या गोळ्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत आल्या. या अंतरासाठी एवढे पुरेसे आहे.

रोख रकमेच्या फेऱ्यांकडे पाहिल्यावर शस्त्रापेक्षा तिथे जास्त सुधारणा निघाली. शेतमालाच्या खरेदीत शेतकऱ्याला रोख देण्याची मुभा आहे म्हणून सगळेच रोख द्यावे असे नाही. मोठ्या शेतकऱ्यांचा चुकारा आरटीजीएसने, रोख फक्त मागणाऱ्याला, परतीची वेळ दिवे लागण्याआधी, आणि रोजचा एकच रस्ता नाही. यामुळे अंधारात गाडीत राहणारी रक्कम बरीच आटली.

पूल आणि अभयारण्य

दोन गोष्टी कागदावर तपासल्याशिवाय पिस्तूल बाहेर काढू नये, असे ठरले. परवान्याचे क्षेत्र महाराष्ट्र आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पाटणबोरीच्या पुढे पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगण, आणि आदिलाबादच्या कापूस बाजारात भाव चढले की मामांची गाडी तिकडे वळते. त्या दिवशी पिस्तूल घरच्या तिजोरीत. नाही तर पुलापलीकडे ते परवान्याच्या क्षेत्राबाहेरचे शस्त्र ठरते.

दुसरे, जवळचे टिपेश्वर अभयारण्य. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे अभयारण्यात शस्त्र घेऊन जायला मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते, आणि हद्दीपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला त्यांच्याकडे नाव नोंदवावे लागते. जिनिंग या दहा किलोमीटरच्या आत येते. नोंद वडिलांच्या नावाची होती, मामांच्या नावाची नव्हती. ती करून घेतली. सुन्न्याच्या बाजूने खेडा खरेदीला जाताना रस्ता कुठून जातो हेही नकाशावर पाहून घेतले.

निवडणूक आचारसंहितेत शस्त्र जमा करण्याचा आदेश येतो. बऱ्याचदा तो हंगामातच येतो, आणि तेव्हा चुकाऱ्याची व्यवस्था पिस्तुलाशिवायच चालली पाहिजे.

राहिला भाचा. फायरिंग पिनच्या तपासणीसाठी पिस्तूल नागपूरच्या परवानाधारक डीलरकडे न्यायचे होते आणि मामांना काट्यावरून हलता येत नव्हते. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने दुरुस्तीसाठी शस्त्र नेण्याची सोय कलम ३ मध्ये आहे. पत्रावर शस्त्राचा क्रमांक, परवान्याचा यूआयएन (विशिष्ट ओळख क्रमांक), डीलरचे नाव, जाण्या-येण्याची तारीख. पिस्तूल रिकामे, मॅगझीन बाहेर, काडतुसे घरी, सोबत परवान्याची प्रत. भाचा ते पत्र घेऊन गेला आणि ब्लॉक नसल्याचा डीलरचा शेरा घेऊन परत आला, म्हणून चेंबर आता कायमचे रिकामेच राहते.